डावा बूट आणि रिलाचा उतार

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. माझा उजवा जोडीदार माझ्यासारखाच तपकिरी दिसतो, पण आम्ही सख्खे भाऊ नाही. तो एका मोठ्या कारखान्यात हजारो भावंडांबरोबर तयार झाला आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात खोक्यात येऊन बसला. मी मात्र एकटाच जन्मलो. माझ्या मापाचा दुसरा बूट जगात नव्हता, कारण ज्या पायासाठी मला बनवले तसा दुसरा पायच नव्हता.

तो पाय पद्मजाताईंचा. त्या दोन वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला. ताप उतरला, जीव वाचला, पण डावा पाय उजव्यापेक्षा लहान राहिला. पाऊल दोन मापांनी छोटे, पोटरी मनगटासारखी बारीक आणि उंची इंचभर कमी. चप्पल घ्यायची म्हणजे त्या दोन जोड घेत, एकातला उजवा वापरत आणि दुसऱ्यातला डावा. उरलेले दोन पडून राहत.

नाडी बांधताना त्यांना माझ्याशी बोलायची सवय होती. त्यातूनच मला त्यांचे लहानपण कळले. शाळेची सहल डोंगरावर निघाली की बाई म्हणायच्या, "पद्मजा, तू इथे सावलीत बस हं. सगळ्यांचे डबे सांभाळ." बाई मायेनेच म्हणायच्या. पण मैत्रिणी वरून खाली येत, लालबुंद चेहऱ्यांनी काय काय सांगत, आणि पद्मजाताई डबे मोजून परत देत. असे किती तरी डोंगर त्यांनी फक्त पायथ्यापासून पाहिले. पुढे त्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाल्या. तिथे डोंगरांची पुस्तके त्यांनी दुसऱ्यांना दिली आणि तारीख उलटली की परत मागवली.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या स्वारगेटच्या मागच्या गल्लीतल्या तेजस्विनीकडे गेल्या. तेजस्विनी तरुण होती. अधू पायांसाठी बूट आणि आधार बनवण्याचे शिक्षण घेऊन तिने तिथे छोटी कार्यशाळा थाटली होती. "काकू, घरात घालायला हवाय की बाहेर?" तिने विचारले.

"डोंगरावर," पद्मजाताई म्हणाल्या.

तेजस्विनीने मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग तिने प्लास्टर भिजवले.

त्या प्लास्टरच्या साच्यावर माझा जन्म झाला. तिने माझे कातडे कापले, पाण्यात मऊ केले आणि साच्यावर ताणून खिळ्यांनी ठोकले. दुखले, खरे सांगतो. पण त्या ताणानेच मला आकार आला. घोट्याभोवती तिने मऊ गादी शिवली. तळाखाली एकावर एक थर चिकटवून मला इंचभर उंच केले. मग दुकानातून आणलेल्या उजव्या बुटाशेजारी मला ठेवून ती कितीदा तरी मागे सरकून पाहत राहिली. शेवटी माझ्यावर तसाच तपकिरी रंग चढला. त्या दिवशी पद्मजाताई आम्हांला घालून आरशापुढे उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे दोन्ही खांदे एका रेषेत आले होते.

मग आमचे कामाचे दिवस सुरू झाले. वारज्याच्या घरातून आम्ही रोज सकाळी बाहेर पडू लागलो. आधी पर्वती, मग वेताळ टेकडी. पद्मजाताईंचे यजमान दिगंबरराव वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणत, "पर्वती तिथेच आहे गं. पळून जात नाही. उद्या गेलीस तरी भेटेल."

"अहो, ती नाही पळत. दिवस पळतात," असे म्हणत त्या जिना उतरत.

दिगंबरराव वाईट मुळीच नव्हते. त्यांना भीती वाटे, आणि ती झाकायला ते टोमणे मारत. हे कळायला मला बराच काळ लागला.

एका थंडीत आम्ही सिंहगड चढलो. वर ताक पिताना शेजारच्या एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "असा पाय असून वर आलात!" त्या म्हणाल्या.

"असाच पाय घेऊन आले. दुसरा नव्हता," पद्मजाताईंनी सांगितले. घरी गेल्यावर त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसले, तेलाचा हात फिरवला आणि वारा लागेल अशा जागी ठेवले. मित्रांनो, एवढी वाखाणणी मला पुरेशी होती.

पण सुख फार दिवस टिकले नाही. एके दिवशी सोसायटीच्या ओल्या जिन्यावर पद्मजाताई घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. त्या वेळी त्यांच्या पायांत साध्या चपला होत्या. डोंगराचा त्यात काही दोष नव्हता आणि माझाही नव्हता. तरी सगळ्यांनी एकमुखाने ठरवले की आता पुरे. हात बरा झाला, तरी फिरणे सुरू झाले नाही. दिगंबररावांनी आम्हां दोघांना प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, गाठ मारली आणि माळ्यावर टाकले.

तिथे आम्ही दोन पावसाळे काढले. अंधारात माझ्या अंगावर पांढरी बुरशी चढली. कातडे ताठ झाले. तळाचे थर आतल्या आत सुकत चालल्याचे मला जाणवत होते, पण सांगणार कुणाला? वापराने बूट झिजतो हे सगळ्यांना ठाऊक असते. न वापरताही तो मरतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

मग एका सकाळी पिशवीची गाठ सुटली. समोर पद्मजाताई होत्या. त्यांनी मला हुंगले, नाक मुरडले आणि म्हणाल्या, "ऊठ. आपल्याला जायचंय."

झाले होते असे. त्यांच्या कॉलेजचा सलिल नावाचा एक जुना विद्यार्थी डोंगरवाटांच्या पायी सहली नेत असे. त्या वर्षी तो बल्गेरियाला, बाल्कन प्रदेशातल्या डोंगरांत, दहा-बारा जणांना घेऊन जाणार होता. जंगल, पशुपक्षी, जुने मठ, आणि सोबत तिथलीच वाटाडी. सामान न्यायला एक व्हॅन असणार होती. ज्याला चालायचे नसेल त्यानेही व्हॅनमधून यावे, अशी सोय होती. त्या व्हॅनच्या भरवशावर दिगंबरराव दोघांनी जायला तयार झाले. पद्मजाताईंनी व्हॅनचा विषयच काढला नाही.

तेजस्विनीने माझी बुरशी काढली, कातडे मऊ केले, थर नव्याने चिकटवले. तरी तिचा चेहरा साशंक होता. "काकू, वरचं कातडं अजून खूप वर्षं जाईल. खालच्या थरांची मी खात्री देत नाही. नवा बनवू का?"

"नवा बूट पायाला ओळखेपर्यंत सहल निघून जाईल. हाच नेते."

पुढचे तीन महिने आम्ही वेताळ टेकडी सोडली नाही. ऊन असो, पाय सुजो, दिगंबरराव बोलोत. त्या चालत राहिल्या.

बल्गेरियात आमची वाटाडी होती राद्का. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. सलिल आणि ती इंग्रजीत बोलत, ते मी मराठीत सांगतो. पहिल्या दिवशी ती आम्हांला दक्षिणेकडच्या रोडोपी डोंगरात, आर्दा नदीच्या वळणावर घेऊन गेली. उंच कड्यांच्या कपारींत गिधाडे बसली होती. ऊन तापले तशी ती एकेक करून हवेत उतरली आणि पंख न हलवता वर वर चढत गेली.

पद्मजाताई जागीच थांबल्या. "मांजरी गावात, आजोळी, उसाच्या फडापलीकडे एका झाडावर बसायची ही," त्या सलिलला म्हणाल्या. "आम्ही मुलं घाबरून पळायचो. नंतर कधी दिसेनाशी झाली ते कळलंच नाही. गुरांना द्यायच्या एका औषधाने गेली म्हणे."

राद्काने सांगितले की इथेही ती संपतच आली होती. मग लोकांनी त्यांना खायला मेलेली जनावरे मुद्दाम आणून ठेवली, घरट्यांवर राखण केली, विषारी आमिषे बंद पाडली. वर्षानुवर्षे हट्टाने हे काम केले. "आपोआप कुणी परत येत नाही," ती म्हणाली. पद्मजाताईंनी ते वाक्य दोनदा मनाशी म्हटले. त्यांचे पाऊल माझ्यात घट्ट रोवले गेले, तेव्हाच मी समजलो की त्या व्हॅनमध्ये बसणार नाहीत.

सहलीतला सगळ्यांत अवघड दिवस रिला पर्वतातला होता. तारेवरच्या पाळण्यातून वर जायचे, सात तळ्यांच्या काठाने खिंडीपर्यंत चढायचे आणि पलीकडच्या बाजूने उतरत उतरत थेट रिलाच्या मठात पोचायचे. त्या मठाला हजार वर्षांची परंपरा आहे. चढ बरा होता. उतार मात्र लांब आणि गुडघे मोडणारा होता.

आदल्या संध्याकाळी जेवणाआधी सलिल अवघडून म्हणाला, "काकू, उद्या तुम्ही काकांबरोबर व्हॅनने या ना. मठ तर तुम्हांला दिसणारच आहे. उगाच रिस्क नको."

"मठ बघायला मी आले नाही सलिल. मठापर्यंत चालायला आलेय."

"अगं, तो तुझ्या काळजीने म्हणतोय," दिगंबरराव म्हणाले. "इथे काही झालं तर उचलून कोण नेणार? हा काय सिंहगड आहे?"

सलिलने निर्णय राद्कावर सोपवला. "तू त्यांचं चालणं पाहिलंस. त्यांना जमेल का?"

राद्काने काही क्षण विचार केला आणि डावीकडून उजवीकडे मान हलवली.

दिगंबररावांनी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या आत पद्मजाताईंची बोटे आखडली. त्या खुर्चीवरून उठल्या आणि दाराकडे वळल्या.

"कुठे निघालात?" राद्काने विचारले. "मी हो म्हणाले ना."

तेव्हा उलगडा झाला. बल्गेरियात हो म्हणताना मान आडवी हलवतात आणि नाही म्हणताना खालीवर. परदेशी लोकांपुढे राद्का एरवी जपून वागे, पण त्या दिवशी विचारात असताना तिची मान घरच्यासारखी हलली. सगळे पोट धरून हसले. दिगंबरराव सोडून.

"पण एक अट," राद्का म्हणाली. "खिंडीत मी पुन्हा विचारीन. तिथून मागे फिरता येतं. तिथून पुढे गेलात की मठ गाठावाच लागेल."

"कबूल," पद्मजाताई म्हणाल्या, आणि राद्काला कळावे म्हणून मान आडवी हलवली.

सकाळी दिगंबरराव सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या व्हॅनमध्ये पुढे बसले. पद्मजाताईंनी खिडकीशी जाऊन त्यांना रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून दिली. ते म्हणाले, "गोळी घेतली. तुझ्यावर मात्र कुठे उपाय मिळत नाही."

वरची तळी मी कधी विसरणार नाही. एकाला डोळा म्हणतात, एकाला अश्रू. गवतावर दव होते, दगड निसरडे होते. समोरच्या कड्यावर शामवा नावाचे डोंगरी बोकड उभे होते. आमच्याकडे बघून ते अशा जागी उड्या मारत गेले जिथे मला पाऊल ठेवायची छाती झाली नसती. पद्मजाताई सगळ्यांच्या मागे होत्या. त्या घाई करत नव्हत्या आणि थांबतही नव्हत्या.

खिंडीत ढग आले. दहा पावलांपलीकडचे दिसेना. राद्का थांबली. "आता सांगा. मागे की पुढे?"

पद्मजाताईंनी काठीवर दोन्ही हात टेकले. पाय थरथरत होता. ती थरथर फक्त मला ठाऊक होती. मनातल्या मनात मी म्हणत होतो, मागे चला. माझ्या तळात काहीतरी सैल झाले होते आणि मी घाबरलो होतो. पण बुटाला कोण विचारते?

"पुढे," त्या म्हणाल्या.

उतार सुरू झाला. खडे, मुळे, ओला पाचोळा. प्रत्येक पावलाला सगळा भार माझ्या टोकावर येई. पाइनच्या जंगलात शिरताना एका दगडावर पाऊल पडले आणि माझ्या खालचे थर पुढच्या बाजूने उचकटले. मगरीच्या तोंडासारखा माझा तळ उघडला. पद्मजाताई धपकन खाली बसल्या.

सलिल धावत आला. "काकू, मी मदतपथकाला फोन करतो. स्ट्रेचर येईल. तुम्ही हलू नका."

"पाय मोडलाय का माझा?"

"नाही, पण बूट..."

"बुटासाठी कुणी स्ट्रेचर बोलावतं का रे?"

राद्का गुडघ्यांवर बसली. तिने माझा तळ बोटांनी दाबून पाहिला. पिशवीतून चिकटपट्टी काढली आणि घट्ट गुंडाळली. पद्मजाताईंनी गळ्यातला रुमाल सोडून दातांनी त्याच्या पट्ट्या फाडल्या. त्या पट्ट्या तळाखालून घेऊन घोट्यावर बांधल्या. मग माझ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "अरे, इतक्या लांब आलास. आता थोडं राहिलंय. मी तुला सोडत नाही, तू मला सोडू नकोस."

मित्रांनो, त्या क्षणापर्यंत मी फक्त कातडे आणि चिकटवलेले थर होतो. त्यानंतर मी काय झालो ते मला सांगता येत नाही. दगड टोचत होते, पट्ट्या झिजत होत्या, ओल आत शिरत होती. मी धरून राहिलो. पट्टी तुटली की त्या बसत, नवी बांधत, उठत. सलिलने खांदा पुढे केला तर म्हणत, "उतरणीवर हात दे. सपाटीला नको." उरलेले लोक झाडांवरच्या रंगखुणा बघत पुढे निघून गेले होते. राद्का मात्र पद्मजाताईंच्या पावलाला पाऊल लावून चालत होती. तिने एकदाही घाई केली नाही.

ऊन कलले. झाडांतून घंटेचा आवाज आला. मग जाड दगडी भिंती दिसल्या. दारातून आत पाऊल टाकले आणि समोर फरसबंदी अंगण पसरले. चारी बाजूंनी मजल्यांवर मजले, लाकडी सज्जे, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, आणि मधोमध रंगीत चित्रांनी भरलेले देऊळ.

दाराजवळच्या बाकावर दिगंबरराव बसले होते. पुढे गेलेल्या लोकांकडून त्यांना बुटाचे कळले होते. तेव्हापासून ते तिथून हलले नव्हते. शेजारी कागदी पेल्यातला चहा तसाच होता. पद्मजाताईंना पाहून ते उभे राहिले. काहीतरी खोचक बोलतील असे मला वाटले. त्यांचे ओठ हललेही.

पण भर अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ते गुडघे टेकून खाली बसले. चिखलाने भरलेल्या माझ्या पट्ट्यांच्या गाठी ते सोडू लागले. एक गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी खिशातली किल्ली घालून ती सैल केली. मग मला हळूच काढले आणि तो लहानसा, सुजलेला पाय दोन्ही हातांत धरला. लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती. तो पाय त्यांनी असा कधी धरला नव्हता.

"दुखतोय?" त्यांनी विचारले.

"खूप," पद्मजाताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्या हसत होत्या.

"पुढच्या वेळी मला पण ने," दिगंबरराव खाली बघतच म्हणाले. "व्हॅनमध्ये फार कंटाळा येतो."

पुण्याला परतल्यावर त्यांनी मला तेजस्विनीकडे नेले. तिने माझा तळ पूर्ण उघडून पाहिला आणि मान हलवली. आपल्याकडची मान. म्हणजे नाही. डोंगरासाठी मी आता उपयोगाचा उरलो नव्हतो. पद्मजाताईंनी नव्या बुटासाठी माप दिले. माझ्या घोट्याजवळची शिवण नव्यातही तशीच असावी, असे त्यांनी बजावून सांगितले. तेजस्विनीने मला मागून घेतले आणि खिडकीजवळच्या फळीवर ठेवले. तिच्याकडे कुणी हिरमुसून आले की ती मला खाली काढते, फाटका तळ दाखवते आणि पद्मजाताई व मी कुठवर गेलो ते सांगते.

मित्रांनो, या फळीवरून माझी तुम्हांला एक विनंती आहे. तुमचे बूट भिजले तर त्यांत कागदाचे बोळे कोंबा, सावलीत वाळवा, आणि पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. वस्तूंना काम हवे असते. माणसांनाही हवे असते. तुमच्यात कुणी सावकाश चालणारे असेल, तर त्याच्यासाठी तुम्हीच परस्पर ठरवून मोकळे होऊ नका. येतोस का, असे त्याला विचारा. तो हो म्हणाला, तर त्याच्या चालीने चाला. डोंगर वाट पाहतो. माणसांना मात्र तशी वाट पाहायला शिकावे लागते.

आज सकाळी नवा बूट तयार झाला. पद्मजाताई आल्या, स्टुलावर बसल्या, त्याची नाडी आवळू लागल्या. दिगंबरराव दारात उभे होते. त्यांच्याही पायांत चालायचे कोरे बूट होते आणि ते करकरत होते. "चावतायत गं," ते कुरकुरले.

"चावू देत. ओळख होतेय," त्या म्हणाल्या.

सिंहगडाच्या बसची वेळ होत आली होती. पद्मजाताई उठल्या, दोनदा जमिनीवर पाय आपटून पाहिला आणि बाहेर पडल्या. त्यांनी फळीकडे वळून पाहिले नाही. खरे सांगतो, मला त्याचे वाईट वाटले नाही. चालणाऱ्याने पुढेच बघावे. गल्लीच्या वळणापर्यंत मला चार पावलांचा आवाज ऐकू येत होता. त्यांतले सर्वांत ठाम पाऊल डावे होते.